आधी पुसून पाहा

मामाच्या टीपॉयचं वाटोळं मी दीड तासात केलं. चहाच्या कपांची चार-पाच पांढरी वर्तुळं त्यावर उमटली होती, एवढाच त्याचा गुन्हा. हार्डवेअरच्या दुकानातून सगळ्यांत खरखरीत पॉलिश पेपर आणला, गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि गोल गोल घासत सुटले. कडेचं एक सोडलं तर वर्तुळं गेली. पाठोपाठ चकाकी गेली, मग तांबूस रंग गेला. आता खालून छान सागवान निघणार म्हणून जोर वाढवला, तर एका कोपऱ्यात फिकट, आडव्या रेषांचं भलतंच लाकूड दिसायला लागलं. टीपॉय सागवानी होतं, पण जेमतेम अर्ध्या मिलिमीटरपुरतं. प्लायवूडवर चिकटवलेला सागवानाचा पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, मी घासून संपवला होता.

सहाएक महिन्यांनी आत्याचं लिहायचं मेज घरी आलं. तिची दादरची इमारत पुनर्विकासाला गेली होती. हल्ली शहरात जुनं फर्निचर आपल्या वाट्याला येतं ते बहुधा असंच. महिन्याभरात घर रिकामं करायचं असतं, भाड्याच्या घरात जागा नसते, आणि मग फोन येतो, "तुला हवंय का गं? नाहीतर उद्या भंगारवाला येतोय."

उतरत्या फळीचं मेज, खाली एक रुंद खण, खराद्यावर कातलेले चार पाय, आणि या सगळ्यावर जाड चॉकलेटी ऑइलपेंट. जुलैच्या पावसात ते टेम्पोतून उतरलं तेव्हा खण इतका घट्ट बसला होता की तिघांनी ओढूनही हलेना. टेम्पोवाल्यानं जाता जाता सल्ला दिला, "कडेनं तासून घ्या, मोकळा होईल." मी दुसऱ्याच दिवशी एक छोटा रंधा विकत आणला.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. चाळीस वर्षं त्यांनी घरोघरी पॉलिशची कामं केली. त्यांना मेज दाखवायला बोलावलं, पण त्यांची नजर गेली कोपऱ्यातल्या टीपॉयकडे. त्या फिकट डागावरून बोट फिरवून ते म्हणाले, "ताई, आधी पुसून बघायचं. पुसून भागत नसेल तर घासायचं. घासून भागत नसेल तरच तासायचं. तुम्ही डायरेक्ट शेवटालाच हात घातलात." मग मेजाभोवती एक फेरी मारली, खणाला हातसुद्धा लावला नाही, आणि म्हणाले, "याला दिवाळीपर्यंत काही करू नका."

नवशिक्याच्या हातून लाकूड बिघडतं ते कौशल्य कमी पडल्यामुळे फारसं नाही. घाईनं भलत्या पायरीवरून सुरुवात केल्यामुळे. म्हणून या प्रकरणात काकांच्या त्या तीन पायऱ्या त्यांच्याच क्रमानं घेऊ.

पावसाळ्यात लाकूड जाड होतं

दिवाळीपर्यंत का थांबायचं? लाकडाचा तुकडा म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या असंख्य बारीक नळ्यांची जुडी. झाड उभं असताना या नळ्यांतून पाणी वर चढतं. झाड तोडलं, फळ्या पाडल्या, सुकवल्या, तरी नळ्यांच्या भिंतींना हवेतला दमटपणा शोषायची सवय राहतेच. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. नळ्यांच्या भिंती फुगतात, नळी जाड होते. लांब मात्र जवळजवळ होत नाही. म्हणून फळी फुगते ती रुंदीत. खणाची दर्शनी फळी पावसाळ्यात वर-खाली वाढते आणि चौकटीत रुतून बसते.

सागवानाची कीर्ती पुष्कळ अंशी याच गोष्टीमुळे आहे. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत ते एका दिशेनं साधारण अडीच टक्के आणि दुसऱ्या दिशेनं सहा टक्क्यांच्या आतच आकसतं. पुष्कळ लाकडं याहून बरीच जास्त आकसतात. तरीही हालचाल शून्य कधीच नसते. पावसाळ्यात रुतलेला खण तासला, तर हिवाळ्यात तो खुळखुळतो आणि तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

पॉलिशलाही पावसाळा मानवत नाही. दमट हवेत लाखेचं पॉलिश सुकताना वरच्या थरात बाष्प अडकतं आणि दुधाळ सावट येतं. म्हणून जुन्या पॉलिशवाल्यांचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. मोठ्या कामाचा मुहूर्त त्यातच धरा. तोवर करण्यासारखं एकच काम असतं, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं: वस्तू नीट पाहणं.

खाली वाकून पाहा

लाकूड ओळखायचं तर वस्तूचा दर्शनी भाग सोडून द्या. तिथं सुतारानं आणि रंगाऱ्यानं जे दाखवायचं ते दाखवलेलं असतं. खालून, मागून, खणाच्या आतून पाहा. तिथं सहसा कुणी पॉलिश मारत नाही.

पहिला प्रश्न, लाकूड सलग आहे की व्हिनियर? फळीच्या वरच्या रेषा कडेवर कशा उतरतात ते पाहा. सलग फळीत त्याच रेषा कडेवरही सुरू राहतात आणि टोकाला वाढीच्या वर्तुळांचे कमानीसारखे तुकडे दिसतात. कडेला वेगळीच पट्टी चिकटवलेली असेल किंवा थरांचं सँडविच दिसलं, तर ते व्हिनियर किंवा प्लाय. टीपॉय एकदा उलटं करून पाहिलं असतं तरी मला हे कळलं असतं. व्हिनियर म्हणजे कमअस्सल असं मात्र समजू नये. फक्त त्याला घासायला जागा नसते.

दुसरा प्रश्न, जात कोणती? आपल्याकडच्या वारशात बहुधा तीन प्रकार येतात. सागवान सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, ताजं घासलं की जुन्या चामड्यासारखा वास येणारं. शिसवी लाकूड काळसर-जांभळट, आणि उचलताना कळतं इतकं जड. तिसरा प्रकार सुतार ज्याला सरसकट ‘जंगली’ म्हणतात ती स्थानिक मिश्र लाकडं. ती खणाच्या तळाला, पाठीला, आतल्या चौकटीला असतात. एकाच वस्तूत ही तिन्ही सापडू शकतात, कारण महागडं लाकूड दिसेल तिथंच वापरायचा शहाणपणा आपल्या सुतारांकडे पूर्वीपासून आहे.

लाकडाच्या वखारीत सागवानाला अजूनही ‘सीपी टीक’ म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, ब्रिटिशांच्या काळातला मध्य प्रांत. तो प्रांत जाऊन किती वर्षं झाली, चांदा जिल्ह्याचा चंद्रपूर झाला, त्यातून 1982मध्ये गडचिरोली वेगळा निघाला, पण वखारीतला शब्द हलला नाही. आलापल्लीच्या जंगलातलं, बल्लारशाच्या आगारातून विकलं जाणारं हे सागवान देशभर जातं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023मध्ये इथूनच लाकूड गेलं. आपल्या आजोबांच्या पलंगाचं लाकूड याच जंगलातलं असण्याची शक्यता चांगलीच आहे. किंवा ते ब्रह्मदेशातून मुंबई बंदरात उतरलेलं असेल; ‘बर्मा टीक’ हाही वखारीतला तितकाच मानाचा शब्द.

आमच्या मेजाचा खण नोव्हेंबरमध्ये एका सकाळी आपोआप सुटला. आत आत्याचे दोन वाळलेले बॉलपेन आणि टाचण्यांची डबी होती. दर्शनी फळी आतून कोरी होती: सागवान. बाजू आणि तळ फिकट जंगली लाकडाचे. आणि कोपऱ्याच्या सांध्यावर सुतारानं पेन्सिलीनं ओढलेल्या दोन-दोन रेघा, कुठली बाजू कुठल्या खाचेत बसवायची त्या खुणेच्या. मी शंभरदा घासलं असतं तरी वरून हे दिसलं नसतं.

वर काय लावलंय?

लाकूड ओळखलं, आता त्याचं पांघरूण ओळखायचं. त्यासाठी लागतात कापसाचे दोन बोळे आणि न दिसणारी एक जागा. पहिला बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर दाबून धरा. वरचा थर चिकट झाला आणि कापूस तांबूस झाला, तर ते लाखेचं पॉलिश. काही झालं नाही, तर दुसरा बोळा एनसी थिनरमध्ये भिजवा. त्यानं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, असण्याचा संभव मोठा. ऑइलपेंट तर डोळ्यांना दिसतोच.

एवढा खटाटोप अशासाठी की जे विरघळतं ते दुरुस्त करता येतं. लाखेच्या पॉलिशवर नवा हात मारला की नव्यातलं स्पिरिट जुना थर किंचित विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. पन्नास वर्षांपूर्वीचं पॉलिश आणि आजचं पॉलिश मिळून एकच थर! मेलामाइन किंवा पीयूसारखं दोन घटक मिसळून घट्ट झालेलं पॉलिश हे करत नाही. ते जास्त टिकतं, पण बिघडलं की बहुतेक वेळा घासून काढावंच लागतं.

ही लाख एका किड्याची कमाई. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे वसाहत करतात, झाडाचा रस पितात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच तयार करतात. फांद्या खरवडून, धुऊन, वितळवून, पातळ पत्रे ओढून मोडले की होतो चपडा: मधाच्या रंगाचे कुरकुरीत तुकडे. झारखंड आणि छत्तीसगड ही त्याची मोठी केंद्रं. रांचीजवळ नामकुमला 1924मध्ये खास लाखेच्या संशोधनासाठी संस्था निघाली, कारण तेव्हा जगाला लाख हवी होती. बालगंधर्वांची पदं ज्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर घराघरांत पोचली, त्या तबकड्यांतला चिकटपणाही लाखेचाच. आज औषधांच्या गोळ्यांवरच्या चकचकीत आवरणातही ती सापडते.

लाख किती लवकर पेटते हे मात्र आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वारणावताचं लाक्षागृह कौरवांनी उगीच निवडलं नव्हतं. त्यात आपण ती स्पिरिटमध्ये विरघळवणार. तेव्हा गॅस, उदबत्ती, निरांजन यांच्यापासून हे काम दूर, आणि खिडक्या उघड्या.

पहिली पायरी: पुसणं

जुन्या फर्निचरचा काळपटपणा बहुतेक वेळा पॉलिशचा नसतोच. तो हातांचा घाम, स्वयंपाकघरातली फोडणी, उदबत्तीचा धूर आणि वर्षानुवर्षं चोळलेलं खोबरेल यांचा लेप असतो. खोबरेल तेल कधीच सुकत नाही. ते लाकडावर बसून धूळ गोळा करतं. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं, म्हणून लाकडाला लावायचं तेल ते. आपण मात्र घरात जे हाताशी ते लावत आलो.

हा लेप काढायला कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, त्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच मागोमाग कोरडं फडकं. पाणी साचू द्यायचं नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन. ते चिकट मळ उचलतं, पण लाखेला धक्का लावत नाही. फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत पुसत राहा. दर पाचातली एखाददुसरी वस्तू तरी इथंच ‘नवी’ होते. मग वरून मेणाचा एक हात द्यायचा आणि काम संपलं म्हणायचं.

आणि ती पांढरी वर्तुळं! गरम कप किंवा ओला पेला ठेवला की पॉलिशच्या थरात बाष्प शिरतं आणि तेवढा भाग दुधाळ दिसतो. डाग लाकडात नसतोच, पॉलिशमध्ये असतो. फडक्याला स्पिरिटचा नुसता वास लागेल इतकं ओलं करून डागावरून हलकेच, न थांबता फिरवलं की लाख क्षणभर मऊ होते, बाष्प निसटतं आणि बहुतेक वेळा वर्तुळ मावळतं. मामाच्या टीपॉयला एवढंच हवं होतं. काकांनी मला ते त्याच टीपॉयच्या उरलेल्या एका वर्तुळावर करून दाखवलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

डुगडुग आणि भुसा

पॉलिशआधी हाडं. पाय डुगडुगत असेल तर खिळा ठोकायचा मोह टाळा. खिळा सांधा धरून ठेवत नाही, उलट लाकूड फाडतो. जुन्या सांध्यात एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून सरसानं चिकटवलेलं असतं. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक. ऊब आणि ओलावा मिळाला की तो पुन्हा मऊ होतो, त्यामुळे सांधा न मोडता उकलता येतो. फेविकॉल 1959मध्ये बाजारात आलं आणि सरसाचं भांडं शेगडीवर तापत ठेवायची कटकट संपली. पण जुन्या सरसाच्या थरावर फेविकॉल नीट धरत नाही. गरम पाण्याच्या फडक्यानं जुना सरस आधी मऊ करून खरवडायचा, सांधा पूर्ण सुकवायचा, सागवान असेल तर त्याचा तेलकटपणा स्पिरिटनं पुसायचा, आणि मगच नवा डिंक. क्लॅम्प नसेल तर सुतळीचा वेढा घालून मध्ये काठी अडकवून पीळ द्यायचा. रात्रभर हलवायचं नाही.

लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर खाली काळा कागद ठेवून आठवडाभर वाट पाहा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत कीड जिवंत आहे. वाळवीनाशक द्रव सुईनं भोकाभोकांत सोडायचा, आणि तोवर ती वस्तू बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवायची. भुसा पडला नाही, तर ती भोकं जुन्या लढाईची. सागवानाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, पण त्याच झाडाच्या बाहेरच्या पांढरट लाकडाला ते संरक्षण नसतं, आणि काटकसरी सुतारानं एखाद्या फळीत ते येऊ दिलेलं असतं.

आरामखुर्चीची वेताची बैठक फाटली असेल तर ती नवशिक्यानं विणायला घेऊ नये. मुंबईत हे काम अनेक अंध कारागीर करत आले आहेत. त्यांची बोटं वेताचा ताण ज्या बारकाईनं जोखतात ते पाहिलं की आपण पॉलिशपुरतं थांबावं हे पटतं.

दुसरी पायरी: घासणं

आत्याच्या मेजावरचा ऑइलपेंट पुसून जाणारा नव्हता. खणाच्या कडेला एक टवका उडाला होता, त्यात चॉकलेटीच्या खाली क्रीम, त्याखाली हिरवा, आणि सगळ्यांत तळाला तांबूस पॉलिश दिसत होतं. आत्याला फोन केला. "हिरवा तुझ्या बाबाच्या मुंजीतला," ती म्हणाली, "खिडक्यांना लावून उरला होता." क्रीमही कशाचा तरी उरलेलाच. आपल्या घरांत सागवानावर ऑइलपेंट चढला तो बहुधा असा, दिवाळीच्या तोंडावर, डब्यात उरलाय म्हणून.

इथं एक धोका नीट समजून घेतला पाहिजे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 2016मध्ये जाहीर झाला आणि 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या प्रत्येक थरात शिसं आहे असंच धरून चालावं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. म्हणून जुना रंग कधीही कोरडा घासायचा नाही, जाळून काढायचा नाही. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करायचंच नाही. रंग धड असेल, उडत नसेल, तर तो न काढणं हाही उत्तम निर्णय असतो.

काढायचाच असेल तर पेंट रिमूव्हर. मोकळी हवा, रबरी हातमोजे, चष्मा, आणि खाली प्लास्टिक. ब्रशनं जाड थर एकाच दिशेनं लावायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही, वर प्लास्टिकचा कागद पसरून अर्धा तास सोडायचं. रंगाला सुरकुत्या पडल्या की पुट्टीच्या पट्टीनं उचलायचा. पट्टीचे कोपरे आधी कानशीनं गोल करून घ्यायचे, नाहीतर तेच लाकडात चरे पाडतात. कातलेल्या पायांच्या खोबणीत पट्टी जात नाही. तिथं सुतळीचा वेढा घालून दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची, ताक घुसळल्यासारखी. निघालेला गाळ ओला असतानाच गोळा करून बांधून टाकायचा. आमच्या मेजावर तळाला पॉलिश होतं हे नशीब. त्यानं लाकडाची छिद्रं आधीच बंद केली होती, त्यामुळे हिरवा रंग आत मुरला नव्हता. स्वस्त म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं रंग काढतात, ते मात्र टाळा. सागवान त्यानं काळवंडतं आणि सांध्यातला सरस सुटतो.

आता पॉलिश पेपर. मागच्या बाजूला छापलेला आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. 120, मग 180, मग 240, एवढ्यात घरगुती काम होतं. 80चा कागद अगदी गरज पडली तरच, आणि व्हिनियरवर कधीच नाही. प्रत्येक कागदाचं काम एकच, आधीच्या कागदाचे ओरखडे काढणं. म्हणून मधली पायरी गाळली की ओरखडे पॉलिशखाली तसेच चमकतात. कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा, नाहीतर बोटांच्या दाबानं खळगे पडतात. दिशा नेहमी रेषांबरोबर. टीपॉयवर मी गोल गोल घासलं होतं, त्याचे चंद्रकोरीसारखे चरे अजून तिरप्या उन्हात दिसतात.

किती घासलं हे कळायला एक सोपी युक्ती आहे. फळीवर पेन्सिलीनं अगदी हलकी नागमोडी रेघ ओढायची आणि ती पुसली जाईपर्यंतच घासायचं. जास्त नाही. कडा आणि कोपरे शेवटी, हातानं, दोन-तीन फिरतीत. तिथलं लाकूड सर्वांत आधी झिजतं. सागवानाची धूळ घशाला आणि कातडीला त्रास देते, तेव्हा करोनाच्या काळातला एखादा एन-95 मास्क उरला असेल तर तो इथं कामी येतो.

शेवटी ओलसर फडकं फिरवून सुकू द्यायचं. पाण्यानं उभे राहिलेले तंतू 240च्या कागदानं एकदा हलकेच बसवायचे. मग थोडं स्पिरिट पुसून पाहायचं. सुकेपर्यंतचे काही क्षण लाकूड ज्या रंगाचं दिसतं, साधारण तोच रंग पॉलिशनंतर येणार असतो. मला रंग द्यायची गरज वाटली नाही. ज्यांना फिकट तुकडा जुळवायचा असेल त्यांनी पिवडी, गेरू यांसारख्या रंगाची चिमूट पॉलिशमध्ये मिसळून आधी खणाच्या मागच्या बाजूला लावून पाहावी.

लाखेचा हात

एक लिटर स्पिरिटला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडा. काचेच्या बरणीत घालून रात्रभर ठेवायचं, मधून मधून हलवायचं. लोखंडी डब्यात ते काळं पडतं. सकाळी मलमलीतून गाळायचं. लागेल तेवढंच करायचं, कारण विरघळलेली लाख महिन्यांनी म्हातारी होते आणि मग लावल्यावर सुकतच नाही, चिकट राहते. ज्यांना खटाटोप नको त्यांना तयार बाटलीही मिळते, फक्त ती ताजी पाहून घ्यावी.

ब्रश लागत नाही. जुन्या धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा, आत कापसाचा गोळा, अशी पुरचुंडी. कापूस पॉलिशमध्ये भिजवायचा, कापडातून ते पाझरलं पाहिजे, ठिबकता कामा नये. फळीच्या एका टोकाबाहेरून आत यायचं, रेषेबरोबर सरकत जायचं आणि दुसऱ्या टोकाबाहेर निघायचं. विमान उतरावं आणि न थांबता पुन्हा उडावं तसं. मध्ये पुरचुंडी थांबली की तिथंच चिकटते आणि खालचा थर उचलते. हा सगळ्यांचा पहिल्या दिवशीचा अनुभव. मग पाऊण तास सोडून दुसरा हात. तीन-चार हातांनंतर एक रात्र जाऊ द्यायची, 320च्या कागदानं नुसतं कुरवाळायचं, पुन्हा तीन-चार हात. चूक झाली तर? स्पिरिटच्या फडक्यानं पुसायची आणि पुन्हा लावायचं. नवशिक्यानं लाखेपासूनच सुरुवात करावी ती याचसाठी.

लाखेच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. गरम पातेलं, सांडलेलं पाणी, हातावरचं सॅनिटायझर तिला सोसत नाही. जेवणाच्या टेबलाला, चहाच्या टीपॉयला पीयूसारखं कडक पॉलिश बरं. लिहायच्या मेजाला, देवघराच्या दारांना, आरसा असलेल्या कपाटाला लाख शोभते.

एक इशारा जवसाचं तेल वापरणाऱ्यांसाठी. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलाची फडकी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर आतली उष्णता साठून ती आपोआप पेटू शकतात. वापरलेलं फडकं दोरीवर एकेरी पसरून वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून मगच टाकायचं.

आत्याचं मेज फेब्रुवारीत पुरं झालं. नवं मुळीच दिसत नाही. लिहिण्याच्या फळीवर कोपराच्या जागी एक उथळ झीज आहे, पायाच्या एका खोबणीत हिरव्या रंगाची रेघ राहून गेली आहे, ती मी कोरून काढली नाही. टीपॉयच्या फिकट कोपऱ्यावर काकांनी गेरू घातलेल्या पॉलिशचे दोन हात दिले; त्यावर आता मनीप्लांटची कुंडी असते.

जूनच्या शेवटी मेजाचा खण पुन्हा रुतला. या वेळी कुणी ओढला नाही. आतले कागद मी आधीच काढून ठेवले होते. तुळशीच्या लग्नाच्या आसपास एका दुपारी सहज हात लावला, तर तो आपसूक बाहेर आला. खाली घासतो त्या पट्ट्यांवर मेणबत्तीचा तुकडा फिरवला आणि बंद केला.

रंधा अजून खोक्यातच आहे.